तुम्ही खुर्ची सोडलीत त्याबद्दल

आदरणीय पाळक,
प्रभूच्या नावात सलाम.

‘साहेब’ लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढं मिशनच्या काळात साहेब म्हणेल ती पूर्व दिशा. मिशन गेलं, साहेबाची खुर्ची राहिली आणि तिच्यात पाळक बसला. आमच्या ख्रिस्ती मंडळीनं हे बरीच वर्षं सोसलं. दानार्पणाची थैली थेट पाळकाच्या घरी जायची, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी फक्त सह्या ठोकायच्या. हिशोब विचारणारा अविश्वासू ठरायचा.

तुम्ही आधी मोजणी बदललीत. उपासना संपली की मंदिरातच, दारं उघडी ठेवून, दोन वेगळ्या घरांतले दोघे मोजतात. कुठली नोट किती, याची चिठ्ठी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. दशांशाची, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याची, पाकिटं नावावर, थैलीतलं दान वेगळं. तुम्ही पैशाला हात लावत नाही. एकट्यानं मोजलं की पै इकडची तिकडं झाली नसली तरी कुजबुज होते, मग उपदेशही कुणाच्या कानात शिरत नाही.

पण आभार मानायचेत ते वार्षिक सभेतल्या एका गोष्टीचे. तुमच्या पगाराचा विषय निघाला. तुम्ही इतिवृत्ताची वही उघडीच ज्येष्ठ वडिलांपुढं सरकवलीत, पेनाला टोपण लावून तिच्यावर ठेवलंत आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिलात. बराच वेळ कुणी बोलेना. पाळक खोलीत नसताना मोकळेपणी बोलायची सवयच कुठं होती? शेवटी मागच्या बाकावरच्या आजी उठल्या, “वाढवा की ओ, पोरं शिकत्यात त्यांची.”

कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा, असं प्रेषित पेत्रानं पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय. धर्मसुधारक कॅल्व्हिननं १५४१ मध्ये जिनिव्हात पाळक, शिक्षक, वडील आणि गोरगरिबांची काळजी घेणारे डिकन अशा चार सेवा वेगळ्या मांडल्या. हे आम्हाला पाठ होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी.

आता आजाऱ्यांकडं प्रभुभोजन न्यायला तुमच्याबरोबर एक वडीलही असतात. गिळता येत नसेल तर भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून द्यायचा, हे तुम्ही त्यांना हातानं दाखवलंत. अशा साध्या, सरळ माणसांमुळंच मंडळ्या टिकतात, देव तुमचं भलं करो.

येत्या रविवारी शास्त्रवाचन त्या आजींकडं आहे. नवा चष्मा करून आणलाय त्यांनी.

आपली मंडळी,
कोल्हापूर