साखळी तुटली की कंपनी बुडाली?

संपादक महोदय,

बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या व्यवहारात कुठे काही गडबड झाली की 'क्रिप्टो बुडाले' असा मथळा येतो, आणि बातमी शेवटपर्यंत वाचूनही नेमके काय बुडाले ते कळत नाही. माझी नोकरी बँकेत हिशेब जुळवण्यात गेली. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की नोंद होती कुणाच्या वहीत?

बिटकॉइन मुळात एक खतावणीच आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि 3 जानेवारी 2009 रोजी पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला. निबंधातला पेच कोणत्याही कॅशियरला कळेल असा आहे. डिजिटल फाइलची नक्कल निघते; मग तोच पैसा कुणी दोघांना दिला तर? बँकेत असले प्रकार पकडायला आम्ही बसलेले असायचो. इथे मध्ये कुणी नाही. जगभरचे हजारो संगणक तीच वही बाळगतात, साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवा ब्लॉक जोडला जातो आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकची गणिती खूण असते; म्हणूनच या वहीला साखळी (ब्लॉकचेन) म्हणतात. मागे खाडाखोड करायची तर पुढचे सगळे ब्लॉक नव्याने बनवावे लागतात, आणि ते काम मुद्दामच महाग ठेवले आहे. ब्लॉक जोडणाऱ्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला 50 मिळत, दर 2,10,000 ब्लॉकनंतर ती निम्मी होतात, एप्रिल 2024 पासून 3.125. म्हणून एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांपुढे जाणार नाहीत.

या वहीत खातेदाराचे नाव नसते, फक्त पत्ता असतो. ज्याच्याकडे त्या पत्त्याची खासगी किल्ली ('की', म्हणजे एक गुप्त आकडा), तोच खर्च करू शकतो. बहुतेक वॉलेट (ही किल्ली सांभाळणारी अ‍ॅप किंवा उपकरणे) तिच्यासाठी 12 किंवा 24 शब्द लिहून ठेवायला सांगतात. ते शब्द हरवले तर अर्ज करायला खिडकी नाही. दुसऱ्याच्या हाती लागले तर नाणी त्याची. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेली रक्कम उलट नोंद करून परत आणता येत नाही. (उलट नोंदींवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो.)

माझा भाचा म्हणतो, "मामा, अ‍ॅपमध्ये माझे बिटकॉइन दिसतात की!" दिसतात, पण ती नोंद एक्स्चेंजने, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीने, स्वतःच्या वहीत केलेली असते. किल्ली कंपनीकडे असते, आणि भाच्याच्या हाती उरते ते कंपनीकडून येणे. नवख्याने भावाचे आलेख बघण्याआधी एवढा फरक समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण मोठ्या घटना याच फरकावर घडल्या. 2014 मध्ये टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज दिवाळखोरीत गेले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचे कंपनीने सांगितले. त्यातली दोनेक लाख पुढे सापडली. साखळीत मात्र नवे ब्लॉक पूर्वीसारखेच जोडले जात होते. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज कोसळले, कारण ग्राहकांचा पैसा संस्थापकाच्याच अलामेडा रिसर्च या दुसऱ्या कंपनीकडे वळवला गेला होता. ही जुन्याच जातीची अफरातफर. त्याच वर्षी मे महिन्यात टेरायूएसडी या नाण्याचे झाले ते वेगळे. एका डॉलरला बांधलेले ते नाणे सावरण्यासाठी लुना हे दुसरे नाणे छापण्याची योजना होती आणि ती योजनाच कोसळली. तिथे किल्ली स्वतःच्या खिशात असून उपयोग नव्हता. लहान साखळ्यांवर निम्म्याहून अधिक संगणकीय ताकद ताब्यात घेऊन वहीच बदलण्याचे प्रकारही घडले आहेत. 2020 मध्ये इथेरियम क्लासिक या साखळीवर तसे झाले. बातमीत हे सगळे एकाच शब्दात गुंडाळले, तर वाचक उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी साखळी, नाण्याची रचना की कंपनी यांपैकी काय मोडले ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे. कंपनी असेल तर तिची देणी किती होती, हेही विचारावे. एफटीएक्सनंतर अनेक एक्स्चेंज आपल्याकडे किती नाणी आहेत याचे पुरावे जाहीर करू लागली. ताळेबंदाची एवढी एकच बाजू घेऊन कुणी माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्याला परत पाठवला असता.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी