उन्हाळ्यातल्या संशोधनाविषयी मित्रास पत्र

बंगळूर,
ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधनासाठी कुठे पाठवावे, असे तू विचारले आहेस. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून जी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्यापासून सुरुवात कर. ती दोन महिन्यांची असते, अर्ज आदल्या वर्षीच घेतले जातात आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते.

मुले बहुधा संस्थेचे नाव पाहून अर्ज करतात. माझ्या मते आधी काम पाहावे, कारण दोन महिन्यांत काय होऊ शकेल हे संस्था नव्हे, तर प्रयोगातला प्राणी ठरवतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या फळमाशीचेच पाहा. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, म्हणजे साऱ्या उन्हाळ्यात फार तर पाच-सहा पिढ्या हाती येतात, आणि त्यांतली पहिली शिकण्यातच जाते. संकरासाठी मादी कुमारी, म्हणजे आधी कोणत्याही नराशी मीलन न झालेली, हवी. ती कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत वेगळी करावी लागते, आणि अगदी ताज्या मादीच्या पोटात दिसणारा गडद ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता यावा लागतो. एक चुकीची मादी व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीत) गेली, तर ती पिढी वाया जाते. म्हणून तीन-चार पिढ्यांत उत्तर मिळेल एवढाच प्रश्न देणारा मार्गदर्शक मला मोठ्या नावाच्या मार्गदर्शकापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आल्फ्रेड स्टर्टेव्हंटची गोष्ट तू वर्गात सांगत असशीलच: कोलंबिया विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी असताना, १९११ मध्ये, त्याने अभ्यास बाजूला ठेवून एका रात्रीत गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा मांडला, जो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ती सांगताना एवढे मात्र जोड, की त्या रात्री त्याच्यापुढे त्याचे गुरू मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्यांच्या अनेक संकरांचे आकडे तयार होते. उन्हाळ्यात आलेल्या मुलाने नकाशा नाही काढला तरी चालेल. त्याने माश्या नीट मोजल्या आणि मोजलेले त्याच दिवशी वहीत उतरवले, तर त्याच्या आकड्यांवर पुढचा कोणी विसंबू शकतो. (मक्याचे पीठ, यीस्ट आणि अगार शिजवून माश्यांचे अन्न करणे हेही त्याच कामात येते, आणि त्याला नाक मुरडणारी मुले आम्हांला पहिल्याच आठवड्यात कळतात.)

ही शिष्यवृत्ती शिक्षकांनाही मिळते, तेव्हा तू स्वतःही अर्ज करावास, असा माझा आग्रह आहे. आणि शिफारसपत्रात ‘मेहनती व नम्र’ एवढ्यावर थांबू नकोस. त्या मुलाने प्रात्यक्षिकात इतरांना न दिसलेले काय पाहिले, ते लिही. निवड करणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित