ताईला दोष देऊ नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "ताईला आपल्या भाषेचं काहीच वाटत नाही, मुलांशी एक शब्द बोलत नाही ती." मी गप्प राहिलो, पण मला ते पटलं नव्हतं.

ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट गावातले शेतकरी पिढ्यानपिढ्या घरी हंगेरियन बोलायचे. 1970च्या दशकात सुझन गाल या अभ्यासक तिथे राहिल्या. त्यांना दिसलं की हंगेरियन सोडून जर्मनकडे आधी वळल्या त्या तरुण मुली. हंगेरियन म्हणजे शेतकऱ्याचं घर आणि तिथे बाईच्या वाट्याला येणारे कष्ट. मुलींना ते आयुष्य नको होतं, शेतकरी नवराही नको होता. शेती करणाऱ्या मुलग्यांना मात्र ती भाषा जड झाली नाही. हे वाचलं आणि मला आपलं घर दिसलं.

तुला आपल्या भाषेत लाड मिळाले. तिला त्याच भाषेत काय मिळालं? "हळू हस." "उलट बोलू नकोस." "पोरीच्या जातीला हे शोभत नाही." हे शेवटचं माझं वाक्य, आणि ते एकदाच म्हटलं असंही नाही. पुढे ती दार लावून मैत्रिणींशी इंग्रजीत बोलायला लागली, तेव्हा मला तो दिखावा वाटला. त्या भाषेत तिला अजून कुणी गप्प केलेलं नव्हतं, एवढं साधं मला कळलं नाही.

आणि बायकाच भाषा सोडतात असंही नाही. पापुआ न्यू गिनीतल्या गापुन गावात ताइआप ही गावची भाषा बायकांची मानली गेली, तर बाहेरून आलेली टोक पिसिन पुरुषांची. ज्याला ज्या भाषेत मान मिळतो, तो तिकडे ओढला जातो.

घरी पाहुणे आले की भाषेच्या अभिमानावर बोलायचो मी. तुम्हा दोघांना रोज जवळ बसवून वाचायला शिकवलं ते तुझ्या आईने. मातृभाषा म्हणजे आईचं काम, असं मी धरूनच चाललो. तूही तेच करतो आहेस. तुझ्या लेकाशी आपल्या भाषेत सूनबाई बोलते, तू नाही. तेव्हा आधी तू बोलायला लाग.

ताई चुकतमाकत बोलली तर लगेच सुधारू नकोस, पुरतं ऐकून घे. मी तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, आपल्याच भाषेत. त्यात माफी मागितली आहे. या भाषेत माझ्या तोंडून तो शब्द तिने आजवर ऐकलेला नाही.

तुझा,
बाबा