घरातल्या घरात अबोला
महोदय,
ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडे निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. पण एकाच छताखाली राहून न बोलणाऱ्या घरांत कायदा काय करणार? मोबाइलवरून वीजबिल कसे भरायचे, असे आजोबांनी विचारले की नातू फोन हातातून घेऊन स्वतःच बिल भरून टाकतो, शिकवायचे राहूनच जाते. वडीलधाऱ्यांची चौकशीही ‘मार्क किती’ आणि ‘लग्न कधी’ यांपुढे क्वचितच सरकते, हेही खरे. तरीही पुढाकार तरुणांनीच घ्यावा, कारण वयोमानाने कमी ऐकू येणारा माणूस पुन्हा पुन्हा विचारण्याच्या संकोचाने हळूहळू बोलणेच सोडतो. रात्रीचे जेवण टीव्ही बंद करून एकत्र व्हावे आणि घरखर्च, आजारपण, जमिनीची कागदपत्रे हे विषय ज्येष्ठांच्या माघारी न काढता त्यांच्यासमोरच बोलले जावेत.
– एक वाचक, सातारा