दाराला कार्डवाली मशीन बसवण्याआधी एवढं विचाराच

मा. संपादक,
स. न.

सोसायटी असो, ऑफिसची बिल्डिंग असो की हॉस्टेल, दाराला कार्ड, बोट नाहीतर चेहरा ओळखणारी मशीन बसवायची चर्चा हल्ली सगळीकडे चालू असते आणि बहुतेक वेळा ती कोटेशन कितीचं आणि स्क्रीन किती भारी एवढ्यावरच संपते. त्या दारातून रोज लहान मुलं, म्हातारी माणसं जातात-येतात, म्हणून कळकळीने लिहितेय.

माझ्या मते पहिला प्रश्न आगीचा विचारा. मॅग्नेटिक लॉक करंटवर दार धरून ठेवतो, लाइट गेली की दार सुटतं. इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसवलेली विजेवरची खाच जिच्यात दाराच्या कुलपाची जीभ अडकते, तो बऱ्याचदा उलटा असतो, लाइट गेली तरी बाहेरून बंदच राहतो पण आतलं हँडल फिरवलं की दार उघडतं. दोन्ही चालतात, मात्र आतून बाहेर पडायला कार्ड, पिन, मोबाइल काहीच लागता कामा नये, आणि मॅग्नेटिक लॉक असेल तर फायर अलार्म वाजल्याबरोबर त्याची पॉवर थेट तुटली पाहिजे, मधे सॉफ्टवेअर नको. व्हेंडरला म्हणावं मेन स्विच बंद करून दाखव, अलार्म वाजवून दाखव, मग सही करू. मॅग्नेटिक लॉकला बॅटरी बॅकअप किती तासांचा हेही लेखी घ्या, नाहीतर लाइट गेली की गेट सताड उघडं.

आता कार्ड. स्वस्तातली १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारी साधी कार्डं असतात ना, ती रीडरजवळ, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या डब्याजवळ नेली की दर वेळी तोच नंबर उघड सांगून टाकतात, कॉपी करणारं छोटं यंत्र सहज मिळतं आणि काही सेकंदांत डुप्लिकेट कार्ड तयार होतं. १३.५६ मेगाहर्ट्झचं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यातल्या मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डाचं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती लपवणारं सांकेतिक कुलूप, २००८ मध्येच संशोधकांनी फोडलंय आणि तरी ती कार्डं अजून विकली जातात. एईएस या मजबूत पद्धतीच्या एन्क्रिप्शनवालं, म्हणजे डेसफायरसारखं कार्ड मागा. आणि रीडर ते कंट्रोलर (दार उघडायचं की नाही ते ठरवणारा भाग) वायरीतून माहिती कुठल्या पद्धतीने जाते तेही विचारा, वीगंड नावाच्या जुन्या पद्धतीमध्ये नंबर वायरीतून तसाच उघडा जातो, ओएसडीपी ही नवी पद्धत घेतली आणि त्यातलं सिक्युअर चॅनल खरंच चालू केलं तर तो एन्क्रिप्ट होतो. ते चालू केलंय का हे मुद्दाम बघावं लागतं.

एक गोष्ट तर कोणी सांगतच नाही. स्वस्त मशीनमध्ये लॉक उघडणारा रिले, म्हणजे विजेवरचा स्विच, भिंतीबाहेरच्या त्याच डब्यात असतो, म्हणजे डबा उचकटून दोन वायरी जोडल्या की काम झालं. कंट्रोलर आतल्या बाजूला, कुलपातच हवा.

बोट आणि चेहऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, रहिवाशांच्या दाराला ते सक्तीचं करू नका. कार्ड हरवलं तर रद्द करता येतं, बोटाच्या ठशाची माहिती चोरीला गेली तर नवीन बोट कुठून आणणार? शिवाय कष्टाची कामं करणाऱ्यांचे, वयस्कर लोकांचे ठसे झिजलेले असतात, मशीन त्यांनाच रोज नाकारतं आणि सगळ्यांसमोर ताटकळत ठेवतं, हे मला अजिबात पटत नाही. कार्डाचा पर्याय हवाच.

बाकी इंटरनेट बंद पडलं तरी दार चाललं पाहिजे, कोण कधी आलं-गेलं याची नोंद किती दिवस ठेवणार आणि कोण बघणार हे आधी ठरलं पाहिजे. भाडेकरू सोडून गेला, कामवाल्या बाई बदलल्या, तर त्याच दिवशी कार्ड बंद कोण करणार त्याचं नाव ठरवा, कारण कितीही महागडी सिस्टीम घेतली तरी जुनी कार्डं चालू राहिली की सगळं वाया जातं. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड फॅक्टरीवालाच ठेवू नका, तो बदलून कमिटीच्या ताब्यात घेतल्याशिवाय शेवटचं पेमेंट सोडू नका, उद्या व्हेंडर बदलायची वेळ आली तर रहिवाशांची यादी आपल्याला काढता आली पाहिजे हेही करारातच लिहून घ्या.

आपली,
एक वाचक