हॉल कॅन्सल, माथेरान पक्कं

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई तू "बघू गं" म्हणतेस आणि बाबा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहूनच काढलं. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. शेवटपर्यंत वाचा, मधेच फोन करू नका.

तर, तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा हॉल आम्ही कॅन्सल केलाय. थोडे पैसे कापले, किती ते विचारू नका. त्याऐवजी डिसेंबरात आपण सगळे दोन रात्री माथेरानला जातोय, आणि ते पण नेरळहून मिनी ट्रेननं. हॉटेलचे पैसे भरून झालेत त्यामुळे आता "कशाला उगाच" म्हणून उपयोग नाही.

आई, तुला वाईट वाटलं असणार. तुझी यादी तयार होती, जळगावच्यांना तू आधीच सांगून बसलीस हेही वहिनीकडून कळलं. पण गं, हॉल म्हणजे तू सकाळी सातपासून काठाच्या साडीत उभी, येईल त्याला वाकून नमस्कार करू देणार, जेवलात का जेवलात का करत फिरणार आणि स्वतः चार वाजता गार वरणभात खाणार. माझ्या लग्नात तेच, दादाच्या लग्नात तेच. नंतर आठवडाभर पाय सुजलेले. आणि बाबा, श्रावणातल्या त्या रात्रीनंतर तुम्हाला दोनशे माणसांच्या गराड्यात, एसी फुल केलेल्या हॉलमध्ये बसवायची माझी तरी हिंमत नाही. तुम्ही आजारी आहात असं मुळीच म्हणत नाहीये. डॉक्टर म्हणाले खुशाल जा, माथेरान काही फार उंच नाही, आठशे मीटर म्हणजे काहीच नाही, फक्त चढ चढायचे नाहीत आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. खरं सांगायचं तर मलाच तुम्ही दोघं दोन दिवस नुसते समोर बसलेले हवे आहात. मी इतक्या लांब राहते, येते तेव्हा बँक आणि रिपोर्टमध्येच सगळा वेळ जातो. सत्यनारायण घरी करू गं, माघात, मी रजा टाकून येते.

आता गाडीचं. दादा म्हणत होता सरळ कारनं दस्तुरीपर्यंत, म्हणजे कार जिथवर जातात तिथपर्यंत जाऊ, अर्ध्या तासात वर. मीच अडून बसले. बाबा, लहानपणी "टॉय ट्रेन म्हणायचं नाही, खेळणं नाही ते, रेल्वे आहे" असं आम्हाला कोणी दटावलं होतं? दोन फुटी गेज, वीसास एकचा चढ, 1904 ला काम सुरू, 1907 ला गाडी सुरू, सोळा लाख खर्च आणि तो सगळा आदमजी पीरभॉय यांच्या घरचा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. दार्जिलिंग, उटी, शिमला तिघींना युनेस्कोचा शिक्का मिळाला आणि आपल्या नेरळला नाही म्हणून तुम्ही कामावरून येऊन चिडचिड करायचात ते पण आठवतंय. आणि आता तीच गाडी नको म्हणताय?

रुळावरून घसरते म्हणालात ना, त्याचं ऐका. 2016 च्या मे महिन्यात डबे घसरले म्हणून तर गाडी बंदच ठेवली होती. त्यानंतर एअर ब्रेक बसवले, दरीच्या बाजूला कठडे केले. 2019 च्या पावसात रूळच वाहून गेले तेव्हा घाईनं चालू नाही केली, थेट ऑक्टोबर 2022 मध्ये नेरळपासून सुरू झाली. आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) बंदच असते हे तुम्हीच मला सांगितलंय. डिसेंबरात दरड नाही, धुकं नाही, काही नाही. नातवाला कोणी दाखवायचं मग? यूट्यूबवर बघून तो मला विचारतो की इंजिन पाणी पितं का. मी म्हटलं आजोबांना विचार, त्यांनी वॉटर पाइप स्टेशनात कोळशाचं इंजिन पाणी पिताना बघितलंय. आता ही गोष्ट तुम्हालाच सांगावी लागणार, मी शब्द देऊन बसलेय.

मला अजून त्या गाडीत झोप येते, म्हणजे आठवण आली तरी. बाबा तुमच्या मांडीवर डोकं, तुमचा एक हात माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला घट्ट धरलेला कारण मी खिडकीतून वाकायचे, आणि जुम्मापट्टी स्टेशन गेलं की आई डब्यातून पुऱ्या काढायची, लोणचं कोणाच्या तरी शर्टावर सांडायचंच. दादा चालत्या गाडीतून उतरून पळत पुढच्या डब्यात चढला होता आणि नंतर काय झालं ते लिहीत नाही, त्याची मुलं वाचतील. वन किस बोगदा आला की आई तू पदर तोंडाला लावून बाहेर बघायचीस आणि बाबा अगदी गंभीर चेहरा करून. आम्हाला तेव्हा काही कळायचं नाही असं तुम्हाला वाटायचं. या वेळी बोगद्यात मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसणार आहे, तोंड वळवून.

बरं, आता सूचना. यावर चर्चा नाही.

डोंबिवलीहून नेरळला कर्जत लोकलनं जायचं नाही. बाबा, पास आहे माहितीये, तरी नाही. सकाळी कार येईल. मिनी ट्रेनचं तिकीट आधी काढता येत नाही, तिथल्या खिडकीवरच मिळतं, तर दादा पहाटेच पुढे जाऊन रांगेत उभा राहील आणि तुम्ही रांगेत त्याला "सोबत" द्यायला जाऊ नका. मिळालं तर काचेच्या छताच्या डब्याचं घेऊ, नाही तर साधा डबा, खिडकी तुमची.

गाडीत बाथरूम नाही. वर पोचायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. म्हणून नेरळला जाऊन यायचं, पण त्यासाठी सकाळपासून पाणीच प्यायचं नाही हा उद्योग करू नका. आई हे तुला आहे, मागच्या वेळची चक्कर आठव.

सीटा अरुंद आहेत, गाडी हलते. पाठीला लावायला छोटी उशी मी आणतेय. उतरताना नेरळपर्यंत ट्रेन नाही, कंबरेला दोनदा तेच हाल नकोत. माथेरानहून फक्त अमन लॉजपर्यंत छोट्या शटल गाडीनं यायचं, दस्तुरीला कार उभी असेल, संध्याकाळी आपल्या पलंगावर.

हॉटेल स्टेशनच्या जवळचंच घेतलंय, खोली तळमजल्यावर, कमोड आहे, गरम पाणी आहे, फोन करून विचारलं. जेवण घरगुती, भाकरी करून देतो म्हणाले, मीठ कमी घालायला सांगितलंय. बाबा, हातरिक्षात बसणार नाही म्हणाल तर बसूच नका, माणसानं माणसाला ओढणं बंद करा असं 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. फिरायचं तर ई-रिक्षा बघू. पॅनोरमा पॉइंटला मुलं जातील, तुम्ही दोघं शार्लोट लेकपर्यंत, ते पण वाटलं तर. नाहीतर व्हरांड्यात खुर्च्या आहेत, बाजारातली चिक्की आहे. तुम्हाला एक तुकडा. एक म्हणजे एकच. खुर्चीत बसून खाताना माकडांकडे मात्र लक्ष ठेवा, चष्मा पण नेतात.

आई, स्वेटर दोन घे, तो बदामी नको, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि तुला शिंका. मातीची लाल धूळ उडते, तुझा इनहेलर पर्समध्ये, बॅगेत नाही. स्पोर्ट शूज घालायचे. साडीवर कसे दिसतील वगैरे काही नाही, घालायचे. डबा करू नकोस असं म्हणणार होते पण पुऱ्या थोड्या केल्यास तर चालतील. थोड्या. पीठ वहिनीला मळू दे.

बाबा, रिपोर्टची फाइल आणि गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या खणातून आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी स्टुलावर चढायचं नाही.

जळगावच्यांना मी कळवते. आत्याला पण मीच सांगेन, तिचा फोन आलाच तर तुम्ही नुसतं हो हो म्हणा आणि ठेवून द्या.

तुमची,
ठमी