तुझ्याकडचे दोन

पुणे, मंगळवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा आई शेजारीच उभी होती. काही बोलली नाही, जाऊन गॅस बारीक केला. "बाबा, मी आता लहान नाही," हे तुझं म्हणणं बरोबर आहे. झोपेबद्दल पुन्हा विचारायचं नाही, असं ठरवूनच हे पत्र लिहायला बसलोय.

पण रोज सकाळी साडेसहाला पर्वतीला निघताना फोन बघतो, तर तुझ्या नावाखाली 'ऑनलाइन'. म्युनिकला तेव्हा रात्रीचे दोन. मग एकशे तीन पायऱ्या चढेपर्यंत डोक्यात तेवढंच राहतं. लहानपणी तू नेहमी एकशे चार मोजायचीस. वर पोचल्यावर एक पाऊल जास्तीचं टाकायचीस आणि "ही देवाची" म्हणायचीस. मी कधी दुरुस्त केलं नाही.

मी अकरा वर्षं थर्ड शिफ्ट केली, हे तुला माहीत आहे. सकाळी आठला भोसरीहून घरी यायचो आणि खिडकीला आजीचं लुगडं लावून झोपायचो. तू चौथीत असताना एकदा पोह्यांचा डबा तुझ्या हातून पडला. मी उठून असा ओरडलो की समोरच्या वहिनी दारात आल्या. तू रडली नाहीस. फरशीवर बसून एकेक पोहा वेचून डब्यात टाकत राहिलीस, आवाज होऊ नये म्हणून हळूहळू. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

त्या वर्षांत आपण दुःखी आहोत असं मला कधी वाटलं नव्हतं. नुसता राग यायचा, सगळ्यांचा. तुझ्या आईच्या हातचं जेवण आळणी लागायचं. फर्स्ट शिफ्टला आलो, रात्री झोपायला लागलो, आणि महिन्याभरात कळलं की माणसं तीच होती. म्हणून रविवारी तू ज्या आवाजात बोललीस तो मला ओळखीचा वाटला. रागावू नकोस.

२०१७ साली वैद्यकाचं नोबेल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना मिळालं, ते शरीरातल्या घड्याळाच्या कामासाठी. फळमाशीवर काम केलं त्यांनी. तुला हे मी काय सांगणार! पण ते घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं, हे मला पटलंय. तुमच्याकडे डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो आणि तू दिवसभर लॅबमध्ये. उठल्यावर अर्धा तास बाहेर चालून ये. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. आणि कॉफी दुपारच्या जेवणानंतर नको. चारला प्यायलीस तर त्यातलं निम्मं कॅफीन रात्री नऊ-दहापर्यंत अंगात राहतं. फोन उशाशी ठेवू नकोस, गजराचं घड्याळ घे. आणि रोज एक जेवण तरी कोणाबरोबर तरी...

झालं, पुन्हा सुरू झालो. माफ कर. पण शेवटचं खरंच ऐक. त्या खालच्या मजल्यावरच्या केरळच्या मुलीला शनिवारी बोलाव आणि पिठलं-भात कर. एकटीनं, लॅपटॉपसमोर, उभ्याउभ्या खाऊ नकोस. तू तसं खातेस हे मला माहीत आहे, व्हिडिओत मागे ताट कधी दिसतच नाही.

तुझ्या पेपरचं पहिलं पान मी प्रिंट काढून फायलीत लावलंय. त्यातली एक ओळ कळत नाही, पण आपलं आडनाव इतक्या वेळा वाचलंय की कागद कोपऱ्यावर मऊ झालाय. नानांना फोनवर तुझं नाव वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

भाजणी पुढच्या आठवड्यात वासंतीच्या दिराबरोबर येतेय. आईनं धने जास्त घातलेत, तुला हवे तसे. तिच्याशी बोल. रविवारपासून ती विषय काढत नाही, पण फोन वाजला की आधी तीच बघते.

आता इथे सात वाजलेत, म्हणजे तुझ्याकडे अडीच. या पत्राचा फोटो आत्ता पाठवत नाही, उगाच फोन वाजायला नको. साडेअकराला पाठवतो, तुझे सात झाले की. त्याआधी तू ऑनलाइन आहेस का, हे आज बघणार नाही.

तुझे,
बाबा